धावडशीची पत्रे, मिरजेचे दप्तर

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात साताऱ्याजवळच्या धावडशी गावात एक संन्यासी राहत होता, आणि मराठी राज्यातली बडी बडी माणसे त्याचे देणे लागत होती. ब्रह्मेंद्रस्वामी हे त्याचे नाव. कोकणात चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री त्याचे बस्तान होते. १७२७ मध्ये अंजनवेलच्या सिद्दी साताने ते देवस्थान लुटले, तेव्हा स्वामी घाट चढून वर आला आणि छत्रपती शाहूंच्या राजधानीच्या आसऱ्याला धावडशीत राहिला. १७४५ मध्ये त्याने देह ठेवला. मागे भार्गवरामाचे देऊळ राहिले, आणि राहिला पत्रांचा मोठा गठ्ठा.

मराठी इतिहाससंशोधनाची एक फार मोठी परीक्षा या गठ्ठ्यावर झाली. गठ्ठ्यात पेशवा बाजीरावाची पत्रे आहेत, चिमाजी आप्पाची आहेत, आंगऱ्यांच्या घरातली आहेत. १७३९ मध्ये वसई पडल्यावर चिमाजीने त्या लढाईची हकीकत स्वामीलाच कळवली. सावकारांच्या तगाद्याने आपला जीव कसा मेटाकुटीला आला आहे, हे बाजीरावाने ज्या पत्रात लिहिले, तेही स्वामीच्याच नावचे. उत्तरेत मोगलांना धडकी भरवणारा पेशवा घरी कर्जापायी कसा कासावीस होत असे, हे महाराष्ट्राला त्या पत्रावरून कळले.

साताऱ्याचेच दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९०० साली स्वामीचे चरित्र, पत्रव्यवहारासह, छापून काढले. त्यांना त्या कागदांत राजगुरू दिसला: पेशव्यांना आशीर्वाद देणारा, आंगऱ्यांच्या भाऊबंदकीत मध्यस्थी करणारा, सिद्दीच्या पारिपत्यासाठी सर्वांच्या मागे लागणारा. शिवाजी महाराजांना जसे रामदास तसे बाजीरावाला ब्रह्मेंद्र, अशी जोडी जमवण्याचा मोह त्या काळी पुष्कळांना होता, आणि या चरित्राने त्याला खतपाणी मिळाले.

लवकरच विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा तिसरा खंड आला. त्यातही धावडशीचाच पत्रव्यवहार. राजवाड्यांनी प्रस्तावनेत या जोडीच्या चिंधड्या उडवल्या. त्यांचा प्रश्न साधा होता. स्वामी काय म्हणवून घेत होता ते बाजूला ठेवा. त्याच्या पत्रांत वारंवार काय येते ते पाहा. येते ते मुद्दल, व्याज, वसुली, गावांची उत्पन्ने, वस्तूंच्या मागण्या, मागणी पुरी झाली नाही की रुसवा. परराज्य हटवण्याची योजना, लोकांना द्यायची शिकवण, एखादा ग्रंथ यांचा पत्ता नाही. रामदासांशी तुलना करायची तर आधी दोघांचे लिखाण समोरासमोर ठेवावे लागेल, आणि ते ठेवले की तुलना तिथेच संपते, असा त्यांचा निकाल.

आज समाजशास्त्राच्या वर्गात याला आशय-विश्लेषण म्हणतात. मजकुराचा एक निश्चित साठा घ्यायचा, त्यात कोणते विषय किती वेळा आणि कोणत्या संदर्भात येतात याची नोंद करायची, आणि लिहिणाऱ्याने स्वतःबद्दल जे सांगितले त्याच्याशी ती नोंद ताडून पाहायची. राजवाड्यांनी तक्ता केला नाही, टक्केवारी काढली नाही. पण वाचण्याची रीत तीच.

राजवाड्यांचा निकाल मात्र डोळे मिटून घेता येत नाही. रागाच्या भरात त्यांची एक गोष्ट निसटली. धावडशीला जे कागद टिकले ते का टिकले? कर्जाचा कागद माणूस जपून ठेवतो, कारण त्यावर पैसे वसूल व्हायचे असतात. जपाची पावती नसते. स्वामी दिवसातून किती वेळ देवापुढे बसे, दाराशी आलेल्या गरिबाशी काय बोले, हे दप्तरात येण्याचे कारणच नव्हते. शिवाय ज्या राज्याच्या मोहिमा कर्जावर चालत होत्या, तिथे कर्ज देणारा माणूस आपोआपच राजकारणात असतो. त्याला निव्वळ लोभी ठरवून हा व्यवहार कळत नाही. पारसनीसांनी भक्तीने वाचले, राजवाड्यांनी संतापाने. तरीही राजवाड्यांचे वाचन जास्त टिकले, कारण त्यांच्याशी भांडायचे तर कोणते पत्र काढून भांडायचे हे कळत होते.

हे भांडण साताऱ्याच्या परिसरात पेटले याला कारणे होती. मराठ्यांचा इतिहास लिहिण्याचा उद्योग साताऱ्यात त्याआधी शंभर वर्षे चालला होता. दुसऱ्या शाहू महाराजांच्या सांगण्यावरून मल्हार रामराव चिटणिसांनी शिवछत्रपतींचे सप्तप्रकरणात्मक चरित्र लिहिले ते इथेच, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकात. मल्हार रामराव हे शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वंशातले. घरात दप्तर, घरात परंपरा, हाताशी दरबार. पण ज्या घटनांबद्दल ते लिहीत होते त्यांना सव्वाशे-दीडशे वर्षे उलटून गेली होती, आणि बखर ऐकणाऱ्याला चरित्रनायकाच्या तोंडचे संवाद हवे असत. ते चिटणिसांनी हौसेने पुरवले.

मग १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला आणि त्याच्याबरोबर जेम्स ग्रँट डफ हा तरुण कप्तान साताऱ्याला आला. प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवून कारभाराची घडी घालणे हे त्याचे काम. १८२२ पर्यंत तो तिथे होता. दिवसा कारभार आणि उरलेल्या वेळात जुने कागद, अशा रीतीने त्याने सामग्री जमवली. महाराजांचे दप्तर त्याला खुले झाले, चिटणिसांची बखर मिळाली, देवस्थानांच्या आणि वतनदारांच्या सनदा पाहायला मिळाल्या. १८२६ मध्ये लंडनला त्याचा तीन खंडांचा इतिहास निघाला. पुढे काही वर्षांतच त्याचे मराठी भाषांतर झाले आणि शाळांतून तेच शिकवले जाऊ लागले. आपल्या आजोबा-पणजोबांचा इतिहास मराठी मुले साताऱ्याच्या माजी रेसिडेंटाकडून शिकू लागली.

त्याला पहिला जाहीर जाब विचारला नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने. १८६७ च्या सुमारास पुण्यात तरुणांच्या सभेपुढे त्याने ग्रँट डफच्या ग्रंथावर टीका वाचली. पुढे ती ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात छापून आली. ग्रँट डफने कोणती साधने वापरली, कोणती वापरली नाहीत, आणि हाती असलेल्या साधनांचा अर्थ कुठे चुकला, अशी ती छाननी होती. निंदा करणारे आधीही होते. पोराने पानापानाला हात घातला. पुढे चिटणिसांच्या बखरी शोधून, संपादून छापण्याचे कामही याच कीर्तन्यांनी केले.

बखरीवर विसंबण्यात काय धोका असतो याचे ठळक उदाहरण म्हणजे शिवजन्माची तिथी. चिटणिशी बखरीने शके १५४९ हे वर्ष सांगितले, म्हणजे १६२७, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच चालले. मग टिळकांनी जेधे शकावली छापली, १९१६ मध्ये. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही कोरडी टिपणे: वर्ष, तिथी, घटना, संपले. तीत शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० असा निघाला. परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यातही तीच तिथी सापडली. एक टिपण रुक्ष, दुसरे काव्य अलंकारांनी लदलेले. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी तिथी एक. इतिहासात यापेक्षा बळकट साक्ष क्वचित मिळते. तरीही महाराष्ट्रात शिवजयंतीचा वाद पुढे कित्येक दशके रंगला, तो कागदांमुळे नव्हे.

चाफळ आणि सज्जनगड ही साताऱ्याच्याच मुलखातली ठिकाणे, आणि तिथला वाद तर अजून धुमसतो. शिवाजी महाराजांची आणि रामदासांची पहिली भेट १६४९ मध्ये झाली की १६७२ मध्ये? पहिल्या बाजूचा भर हनुमंतस्वामींच्या बखरीवर, जी घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. दुसऱ्या बाजूचा भर रामदासांचे शिष्य दिवाकर गोसावी यांना आलेल्या मोजक्या पत्रांवर. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव एका पक्षात, चांदोरकर आणि भाटे दुसऱ्या पक्षात. दोन्हीकडच्यांनी तीच चार-पाच पत्रे पुन्हा पुन्हा पिळून काढली. कोणता शब्द ओळखीचा निदर्शक, कोणता अनोळखीपणाचा. पत्र अस्सल की नक्कल. नक्कल असेल तर केव्हाची. वाचकाने कोणताही पक्ष घ्यावा, पण मजकूर किती बारकाईने वाचता येतो याचा वस्तुपाठ म्हणून तो वाद मुळातून वाचावा.

राजवाड्यांनी या सगळ्याला रीत घालून दिली ती वाईच्या कागदांवरून. कृष्णाकाठच्या या गावातल्या एका जुन्या घरातून त्यांच्या हाती १७५० ते १७६१ या वर्षांची पत्रे लागली. त्यांत पानिपतच्या मोहिमेची अस्सल पत्रे होती. १८९८ मध्ये ‘साधनां’चा पहिला खंड निघाला. पुढे एकूण बावीस खंड झाले. पहिल्या खंडाच्या लांबलचक प्रस्तावनेत त्यांनी बखरकारांना, ग्रँट डफला आणि त्यांच्यावर विसंबणाऱ्या सर्वांना एका रांगेत उभे करून झोडपले. त्यांचे म्हणणे असे की प्रसंगाच्या वेळी, प्रसंगातल्या माणसाने, कामासाठी लिहिलेले चिटोरे हे मागाहून लिहिलेल्या भारदस्त ग्रंथाला भारी. बखरीत पानिपत म्हणजे भाऊसाहेबांचा हट्ट आणि दैवाचा फेरा. पत्रांत पानिपत म्हणजे न पोचलेला पैसा, अडलेली रसद, यमुनेचे पाणी आणि गोविंदपंत बुंदेल्याला गेलेले तगादे. राजवाड्यांनी गोविंदपंत आणि मल्हारराव होळकर यांच्यावर जो ठपका ठेवला तो पुढच्या अभ्यासकांनी जसाच्या तसा मानला नाही. पण त्यांनाही उत्तर द्यावे लागले ते पत्रांच्याच आधारे.

योगायोग असा की त्याच १८९८ साली पॅरिसमध्ये लांग्ल्वा आणि सेन्योबो या दोन प्राध्यापकांनी इतिहासाभ्यासाच्या पद्धतीवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक छापले. कागद कुठला, कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, लिहिणाऱ्याला ते ठाऊक असणे शक्य होते का, या प्रश्नांची त्यांनी उतरंड लावली. ते विद्यापीठात बसून लिहीत होते. राजवाडे वळकटी पाठीला लावून गावोगाव हिंडत होते, एकवेळ जेवत होते आणि वाड्यांच्या मालकांशी भांडत होते. दोघांचे प्रश्न जवळजवळ तेच निघाले.

पण मोडी कागद हाती आला म्हणजे काय होते, हे जरा तपशिलात पाहण्यासारखे आहे. पहिली अडचण तारखेची. पेशवाईतल्या पत्रावर बहुधा ‘छ’ हे अक्षर, एक आकडा आणि अरबी महिना एवढेच असते. छ म्हणजे चंद्र. वर्षाचा पत्ता पुष्कळदा नसतो, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू वर्ष ठाऊक असे. आता चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रजब महिना एका वर्षी उन्हाळ्यात, तर काही वर्षांनी ऐन पावसाळ्यात. तो पुन्हा त्याच ऋतूत यायला बत्तीस-तेहतीस वर्षे लागतात. मग पत्रातला पाऊस कामाला येतो. नदीला पूर आहे, लावणी चालू आहे, आंबे आले आहेत असा उल्लेख सापडला की शंभर वर्षांतली शक्य वर्षे दोन-तीन लहान गटांवर येतात. त्यांतून पत्रातली माणसे कोणत्या वर्षी हयात होती, कोणता सरदार कुठे छावणी करून होता, हे पाहिले की एक वर्ष उरते. वार दिला असेल तर दुधात साखर. जंत्री काढून पडताळा घ्यायचा. त्यातही चंद्राचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून एका दिवसाची चूक कायम दबा धरून बसलेली असते.

वर्ष दिले असेल तर ते सुहूर सनाचे, आणि तेही आकड्यांत नाही, अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, महिना पाहून, कारण हे वर्ष मृगाला बदलते. पानिपतचे वर्ष ते हेच. शिवाय ‘पै’ हे अक्षर दिसले तर ती पत्र पोचल्याची, म्हणजे पैवस्तीची, नोंद. लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख दोन्ही मिळाल्या की बातमी किती दिवसांत किती कोस गेली ते कळते. आणि एखाद्या सरदाराने अमुक हुकूम का मोडला याचे उत्तर कधीकधी एवढेच असते की हुकूम त्याला वेळेवर पोचलाच नाही.

मग मायना. कोण कोणाला ‘विज्ञापना’ करतो आणि कोण कोणाला ‘आज्ञा’ करतो, यावरून दोघांतली उतरंड कळते, आणि मायना बदलला की संबंध बदलले असे धरून चालायला हरकत नसते. अक्षराचे वळण, कारकुनाचा हात आणि शेवटी धन्याने स्वतः ओढलेल्या ओळी, मोर्तबाची जागा, कागदाचा जोड, सगळे पाहायचे. ही छाननी संशोधकांनी शोधून काढली असेही नाही. वतनाच्या भांडणात गोतसभा बसे तेव्हा दोन्ही बाजूंचे महजर आणि सनदा अशाच तपासल्या जात, कारण वतनासाठी खोटे कागद करणारेही होते.

वाईत खंड निघत होता तेव्हा कृष्णेच्या खालच्या अंगाला, मिरजेत, एक शाळामास्तर वेगळ्याच पद्धतीने तेच काम करत होता. वासुदेव वामनशास्त्री खरे. जन्म गुहागरचा, १८५८ सालचा. संस्कृतचे शिक्षण साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकरांकडे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये थोडे दिवस शिकवून ते मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायला आले आणि मिरजेचेच झाले. नाटके लिहिली, नाना फडणीसांचे चरित्र लिहिले, आणि १८९७ मध्ये ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सुरू केला. साधन होते पटवर्धन सरदारांचे दप्तर.

मिरज, सांगली, तासगाव, जमखिंडी, कुरुंदवाड हा सगळा पटवर्धनी मुलूख. पेशव्यांच्या दक्षिणेकडच्या मोहिमांचा भार या घराण्यावर होता. हैदर, टिपू, निजाम, करवीरकर, सगळ्यांशी त्यांची गाठ. घराणे मोठे, भाऊबंद पुष्कळ, आणि सगळ्यांना पत्रे लिहिण्याची सवय. पुण्यात त्यांचे वकील बसलेले असत आणि दरबारात कोण कोणाला काय बोलला ते मिरजेला कळवत. पुढे १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांनी काकांशी न पटल्याने सांगलीला वेगळी गादी केली. खऱ्यांचा संग्रह साधारण त्याच वळणापर्यंत येऊन थांबतो.

राजवाडे प्रस्तावनेत बोलतात आणि मग पत्रे समोर टाकतात. खरे शास्त्र्यांनी पत्रे कालक्रमाने लावली आणि प्रत्येक प्रकरणाआधी त्या पत्रांवरून निघणारी हकीकत सरळ मराठीत सांगितली. म्हणजे वाचकाला आधी शास्त्र्यांचे म्हणणे कळते आणि लगेच खाली त्याचा पुरावा. पटत नसेल तर स्वतः पाहा. बाराएक खंड त्यांनी १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत काढले. काम पुढे मुलाने चालवले. राजवाड्यांची आठवण त्यांच्या स्वभावामुळे निघते. खऱ्यांची तेवढी निघत नाही, पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धावर काम करणाऱ्याला लेखसंग्रहाशिवाय आजही पाऊल टाकता येत नाही.

या पत्रांची खरी मजा ती दुसऱ्या बाजूच्या कागदांशेजारी ठेवल्यावर कळते. १७९० मध्ये टिपूविरुद्धच्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला. मदतीला कॅप्टन लिटलची इंग्रजी पलटण होती. त्या पलटणीतल्या एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने १७९४ मध्ये लंडनला या मोहिमेवर पुस्तक छापले. मराठी गोलंदाज तोफ भरतात, मग निवांत बसून धूम्रपान करत गप्पा मारतात, मग उठून ती डागतात, असे त्याचे वर्णन. ते पुढे ग्रँट डफच्या इतिहासामार्फत सगळीकडे पसरले. आता छावणीतून मिरजेकडे जाणारी पत्रे वाचा. त्यांत पैसा, दाणागोटा, दारूगोळा, शिपायांच्या पगाराची ओरड, पुण्याहून काय येणार आणि केव्हा येणार. मूर बाहेरून जे पाहतो त्याला तो आळस म्हणतो. आतल्या माणसाच्या पत्रात त्याच दिवसांची चणचण दिसते. मूर खोटे सांगत नाही. पटवर्धनांचे कारकूनही आपल्या धन्याची बाजू घेऊनच लिहितात. वेढा सुमारे सहा महिने चालला आणि एप्रिल १७९१ मध्ये किल्ला हाती आला.

त्याच मोहिमेत शृंगेरीचा मठ लुटला गेला. १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांना मठात कानडी पत्रे सापडली: टिपूने शृंगेरीच्या स्वामींना लिहिलेली, लुटीबद्दल दुःख व्यक्त करणारी, मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी मदत देणारी. टिपूविषयी ठरीव मते बाळगणाऱ्यांना त्या पत्रांनी चांगलाच धक्का दिला. या लुटीचे पडसाद पटवर्धनी पत्रव्यवहारातही आहेत, आणि तिथे बोट लष्कराबरोबर हिंडणाऱ्या लमाण-पेंढाऱ्यांकडे केलेले आहे. एकच घटना, दोन गठ्ठे. टिपूची पत्रे म्हणजे शुद्ध धर्मसहिष्णुता की शत्रूच्या पापाचा केलेला राजकीय उपयोग, आणि पटवर्धनांचे लमाणांकडे बोट दाखवणे म्हणजे हकीकत की हात झटकणे? नुसत्या एका गठ्ठ्यावरून दोन्ही प्रश्न पडतच नाहीत. मिरजेच्या शास्त्र्यांचे श्रेय असे की आपल्या आश्रयदात्या संस्थानिकांच्या पूर्वजांना न शोभणारे कागदही त्यांच्या संग्रहात आले.

मोजण्याच्या अंगाने मात्र सर्वांत पुढे गेला तो न्यायमूर्ती रानड्यांचा एक निबंध. सातारच्या राजांच्या आणि पेशव्यांच्या रोजनिशांतून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडक नोंदी उतरवून घेतल्या होत्या. त्या नंतर १९०२ पासून खंडाखंडाने छापल्या गेल्या; संपादनात पारसनीसही होते. छापण्याआधीच रानड्यांनी त्या वाचल्या आणि १९०० मध्ये मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यांवर निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे की बखरी आणि ग्रँट डफ दोघेही लढाया आणि तहांतच गुंतले. लोक कसे जगत होते हे सांगतात त्या या नोंदी. मग त्यांनी खाती पाडली. राज्यव्यवस्था, लष्कर, आरमार, किल्ले, कर्ज आणि व्याजाचे दर, महसूल, न्याय, पोलीस, नाणी, व्यापार, दक्षिणा, भुताखेतांवरचा विश्वास, सामाजिक रूढी. प्रत्येक खात्यात कोणत्या पेशव्याच्या वेळी काय आढळते ते मांडले. एका माणसाने इतक्या मजकुराला इतक्या खात्यांत बसवण्याचे हे मराठी इतिहाससंशोधनातले पहिले मोठे उदाहरण म्हणायला हरकत नाही. त्यात एक खोच आहे, ती वाडांच्या निवडीची. रानड्यांपुढे होती ती दुसऱ्या माणसाने आधी चाळलेली रोजनिशी. त्या चाळणीतून काय गळले ते निबंधात येणार कसे?

जगात मजकूर मोजण्याचा हा उद्योग तेव्हा नुकताच आकार घेत होता. १८९३ मध्ये अमेरिकेत जॉन स्पीड नावाच्या पत्रकाराने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांचे १८८१ चे आणि तेव्हाचे अंक शेजारी ठेवून कोणत्या विषयाला किती स्तंभ मिळतात ते मोजले, आणि धर्म, शास्त्र, साहित्य मागे पडून कुटाळक्या आणि भानगडी वाढल्याचे दाखवले. त्याहीआधी, १७४० च्या दशकात, स्वीडनमध्ये एका भजनसंग्रहात पाखंड शिरले आहे की नाही यावरून धर्मगुरूंत जुंपली होती. दोन्ही पक्ष संग्रहातले शब्द नि प्रतिमा मोजून अधिकृत स्तोत्रांशी ताडून पाहत होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लासवेल आणि त्याचे सहकारी शत्रूच्या प्रचारावर हीच पद्धत चालवत होते, आणि १९५२ मध्ये बेरेलसनच्या पुस्तकाने तिला पाठ्यक्रमात बसवले.

पारसनीसांनी जमवलेल्या कागदांत नाना फडणीसांचे मेणवलीचे दप्तरही होते. मेणवली वाईपासून हाकेच्या अंतरावर. या साऱ्या संग्रहासाठी साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले, १९२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच वर्षी पारसनीस वारले. राजवाडेही त्याच वर्षी, १९२६ च्या शेवटच्या दिवशी, धुळ्याला गेले. १९३९ मध्ये साताऱ्याचा तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. कागद सांभाळण्याच्या दृष्टीने ते बरेच झाले असेल. पण तेव्हापासून साताऱ्याचा इतिहास लिहायला साताऱ्याच्या माणसाला पुण्याला जावे लागते.

एवढे सगळे दप्तर म्हणजे सरदार, कारकून, भिक्षुक आणि सावकार यांचे. कुळवाडी, बलुतेदार, बायका त्यात येतात त्या बहुधा कोणाच्या तरी तक्रारीत किंवा हिशेबात. वाळवे तालुक्यातल्या कासेगावला येऊन राहिलेल्या गेल ऑमव्हेट यांनी विसाव्या शतकाच्या सत्तरीत ब्राह्मणेतर चळवळीवर काम केले तेव्हा त्यांना म्हणूनच वेगळा साठा धुंडाळावा लागला: सत्यशोधकी वृत्तपत्रे, चोपडी, जलशांचा मजकूर. कारकुनी दप्तरात जो शेतकरी नुसता फिर्यादी किंवा बाकीदार असतो, तो तिथे बोलतो. भटशाही आणि सावकारशाही असे शब्द वापरतो, सरकारला कधी मायबाप म्हणतो आणि कधी शिव्या घालतो.

आणि १९४३ ते १९४६ मध्ये याच मुलखात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले, तेव्हा कागद हाच पुरावा ठरून माणसे तुरुंगात जात होती. म्हणून कार्यकर्ते शक्य तो लिहीतच नसत. न्यायदान मंडळांनी गावोगाव तंटे सोडवले, सावकारांकडून जमिनी परत करवल्या, निकाल तोंडी दिले. लिहिले ते पोलिसांनी, त्यांच्या लेखी हे सगळे दरोडेखोर होते. या चळवळीवर काम करणाऱ्यांना सरकारी अहवाल एका हाती आणि म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती दुसऱ्या हाती घेऊन बसावे लागले. अहवालात तारखा पक्क्या, माणसे खोटी ठरवलेली; मुलाखतीत माणसे जिवंत, तारखा सरकलेल्या. एखाद्या गावच्या निकालाची तारीख आजही अशीच ठरते: आधी पोलिसी डायरीतला छाप्याचा दिवस शोधायचा, मग तो निकाल छाप्याच्या आधी लागला की नंतर, हे गावातल्या माणसाला विचारायचे.